वही आपली, किल्ली कुणाकडे?

पापड-मसाल्याच्या ऑर्डरी वाढल्या की कुणीतरी म्हणतंच, "ताई, आता हिशेब कॉम्प्युटरवर घ्या." जरूर घ्या. पण पैसे भरण्याआधी विकणाऱ्याला एक विचारा: उद्या आम्ही तुमचं सॉफ्टवेअर सोडलं, तर आमची खाती आम्हाला कशी परत मिळतील? 'सीएसव्ही' फाइल देतो म्हणाला तर ठीक. ती साधी फाइल हिशेबाच्या बहुतेक प्रोग्राममध्ये उघडते. नुसती छापील पानं मिळणार असतील, तर पुन्हा सगळं हाताने भरत बसावं लागेल. त्याच्यासमोरच एका महिन्याची फाइल काढून बघा.

लहान गटाला लिब्रेऑफिसमधलं 'कॅल्क' पुरतं. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, मराठीत लिहिता येतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याची कृती सगळ्यांना खुली. आपल्या मसाल्यासारखी झाकलेली नाही! म्हणून तर ओपनऑफिसची मालक कंपनी बदलल्यावर, २०१० साली, तिथल्याच लोकांनी तीच कृती घेऊन लिब्रेऑफिस वेगळं उभं केलं. लोकांच्या जुन्या फाइली उघडत राहिल्या.

मालाचा साठा, बिलं, जीएसटी असा पसारा असेल तर मुंबईच्या कंपनीने बनवलेलं ईआरपीनेक्स्ट आहे. तेही ओपन सोर्स. पण सर्व्हरचा आणि बसवून देणाऱ्याचा खर्च येतोच, तो आधी विचारा.

आणि पासवर्ड एकट्या सचिवताईंकडे नको. महिन्याची बैठक झाली की फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन अध्यक्षताईंच्या घरी ठेवा.