कोणती पेशी, कुणाची, कशासाठी?



मराठी विज्ञानलेखकांचं हे संमेलन आपण दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात भरवलंत याचं मला विशेष समाधान आहे. इथून अन्सारी नगर पायी गाठता येतं. तिथे एम्स आहे, रस्त्यापलीकडे सफदरजंग रुग्णालय आहे आणि त्याच परिसरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, मुख्यालय आहे. नांदेड, बीड, नंदुरबार, गडचिरोलीहून आजारी मूल घेऊन आलेली कुटुंबं याच भागात धर्मशाळा आणि भाड्याच्या खोल्या शोधत फिरतात. मराठी बोलणारं कुणी भेटलं की त्यांना हायसं वाटतं, आणि आपण डॉक्टर आहोत असं कळलं की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "साहेब, स्टेम सेल करून घ्यावं का?"

रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं, तरी या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही. मुलाला थॅलेसेमिया असेल आणि सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे ऊतकाचा प्रकार, जुळत असेल, तर उत्तर आहे, "हो, आणि वेळ घालवू नका." मूल स्वमग्न असेल तर उत्तर आहे, "नाही." दोन्हीकडे शब्द मात्र तोच, स्टेम सेल किंवा मूलपेशी. वर्तमानपत्रातल्या बातमीत, पुरवणीतल्या लेखात, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात तो असाच सुटा येतो. कोणती मूलपेशी, कुणाची, शरीरात कुठून घेतलेली, कुठल्या आजारासाठी, हे सांगितल्याशिवाय तो शब्द वापरणं म्हणजे अर्धं वाक्य लिहिणं होय. उरलेलं अर्धं वाक्य मग दुकान मांडून बसलेला माणूस पूर्ण करतो. आज मला एवढंच सांगायचं आहे. त्यासाठी थोडं मुळाशी जावं लागेल.

१९६१ साली टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक हे दोघे उंदरांवर किरणोत्साराचे प्रयोग करत होते. किरणांनी उंदरांची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट करायची आणि दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या पेशी शिरेतून सोडायच्या, अशी पद्धत होती. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी दिसू लागल्या. जितक्या पेशी जास्त सोडाव्यात, तितक्या गाठी जास्त. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवलं. त्या एका पेशीच्या वंशात वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी होत्या, आणि पुन्हा नवी गाठ उभी करू शकणाऱ्या पेशीही होत्या.

मूलपेशीची व्याख्या इथून आली. तिला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: स्वतःसारखी पेशी पुन्हा निर्माण करणं, म्हणजे स्वनवीकरण, आणि वेगळ्या, ठरावीक कामाच्या पेशी घडवणं, म्हणजे विभेदन. यातली एकच जमत असेल तर ती मूलपेशी नव्हे. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रक्ताची मूलपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ओळखता येत नाही. ती साध्या लिंफोसाइटसारखी दिसते. तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी-३४ सारख्या खुणांवरून अंदाज बांधता येतो. पण उजाड झालेली मज्जा तिने पुन्हा वसवून दाखवली, की मगच तिची ओळख पटते. म्हणून "आमच्या इंजेक्शनमध्ये इतक्या कोटी मूलपेशी आहेत" असं कुणी छापलं, तर त्या पेशींनी काय करून दाखवलं हे विचारणं लेखकाचं काम आहे.

मोठ्या माणसाच्या मज्जेत रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार होतात आणि प्रत्येक सुमारे १२० दिवस जगते. हा सारा व्याप थोड्याशा मूलपेशींच्या जोरावर चालतो. म्हणूनच अस्थिमज्जा प्रत्यारोपण शक्य झालं. आपल्या देशात पहिलं प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर केलं. आता बरेचदा दात्याच्या कमरेच्या हाडात सुई घालावी लागत नाही. औषध देऊन मूलपेशी रक्तात आणतात आणि यंत्राने वेगळ्या करतात. ही माहिती गावोगावी पोचलेली नाही. 'हाडातला मगज काढतात' या धास्तीने भाऊ बहिणीला मूलपेशी द्यायला कचरतो, आणि सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता मुळातच चारात एक असते.

आता क्षमतेबद्दल. फलित अंडं आणि त्याच्या पहिल्या काही विभाजनांतल्या पेशी टोटिपोटंट असतात. त्यांपासून गर्भ होतो आणि वारही होते. पाचव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या आतल्या पुंजक्यातल्या पेशी प्लुरिपोटंट असतात. त्यांपासून शरीरातला कुठलाही ऊतक होऊ शकतो, अख्खा गर्भ मात्र नाही. मज्जेतली रक्ताची मूलपेशी मल्टिपोटंट. ती रक्ताच्याच घराण्यात राहते. हे तिन्ही शब्द मी देवनागरीत तसेच ठेवतो. 'बहुक्षम' म्हटलं की यांतलं कुठलं हे वाचकाला कळत नाही, आणि इथे नेमका तोच फरक जपायचा आहे. मज्जेतली पेशी मेंदूत सोडली की ती मेंदूची होईल, ही आशा या फरकाच्या विस्मरणावरच उभी असते.

कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये या प्रवासाचं चित्र काढलं होतं: डोंगरमाथ्यावरून घरंगळणारा चेंडू, खाली फाटत जाणाऱ्या दऱ्या, आणि एकदा एका दरीत उतरल्यावर शेजारच्या दरीत जाणं अवघड. त्यांच्या एडिनबरोच्या प्रयोगशाळेत काम करून डॉ. लीला मुल्हेरकर पुण्याला परतल्या आणि पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीच्या गर्भावरच्या अभ्यासाची परंपरा रुजवली. विकासाच्या जीवशास्त्राबद्दल मराठीत लिहिणाऱ्यांनी हे नाव विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

तो चेंडू पुन्हा माथ्यावर नेता येतो हे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींवर आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवलं. २४ जनुकांपासून सुरुवात करून ते चारांवर आले: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. ही चार त्वचेच्या पेशीत घातली की ती प्लुरिपोटंट होते. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळालं. अशा पेशींना प्रेरित प्लुरिपोटंट मूलपेशी म्हणतात. गर्भातून मिळवलेल्या पेशींहून त्या वेगळ्या, आणि प्रौढ शरीरात मुळातच असणाऱ्या पेशींहूनही वेगळ्या. गर्भातल्या मानवी पेशींच्या सेल लाइन्स, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशींच्या वंशावळी, १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी प्रथम तयार केल्या. भारतात बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात डॉ. मनीषा इनामदार यांनी आयव्हीएफमध्ये वापरण्याजोगे न राहिलेल्या, दान मिळालेल्या गर्भांपासून बीजेएनहेम-१९ आणि बीजेएनहेम-२० या सेल लाइन्स उभ्या केल्या. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने काइंड-१ आणि काइंड-२ तयार केल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी रक्ताच्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवणं, त्या गोठवून टिकवणं आणि त्यांच्या सभोवतालाचा त्यांच्यावर होणारा परिणाम यांवर वर्षानुवर्षं काम केलं. या सभोवतालाला नीश म्हणतात. ती कल्पना रेमंड स्कोफिल्ड यांनी १९७८ मध्ये मांडली.

सगळ्यात जास्त गोंधळ आहे तो 'मेसेन्कायमल' पेशींचा. मज्जेतून, चरबीतून, नाळेच्या ऊतकातून मिळणाऱ्या आणि प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या या पेशींना १९९१ मध्ये अर्नोल्ड कॅप्लान यांनी मेसेन्कायमल स्टेम सेल्स म्हटलं. २००५ मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना 'स्ट्रोमल सेल्स' म्हणावं असं ठरवलं, कारण त्यांतल्या बहुतेक पेशी मूलपेशीच्या कसोटीला उतरत नाहीत. आणि २०१७ मध्ये स्वतः कॅप्लान यांनी लिहिलं की हे नाव बदलायला हवं. या पेशी शरीरात जाऊन नवा ऊतक घडवत नाहीत. त्या रसायनं स्रवतात आणि आजूबाजूच्या पेशींना संदेश देतात. नाव देणाऱ्यानेच नाव परत घ्या म्हणावं, याला मोठं मन लागतं. त्यांनी कारण स्पष्ट सांगितलं होतं: त्या नावाच्या आधाराने जगभर दवाखाने पैसे उकळत आहेत. आपल्याकडच्या जाहिरातींत गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत ज्या 'मूलपेशी' दिसतात, त्या बहुतेक याच.

आपल्या देशाच्या मार्गदर्शक तत्त्वांनीही शब्द बदलला. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २००७ च्या तत्त्वांच्या शीर्षकात संशोधन आणि उपचार असे दोन शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत 'उपचार' काढून टाकला. २०१७ मध्येही तो परतला नाही. रक्ताच्या मूलपेशींचं, ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी जवळजवळ सारं संशोधन. स्वमग्नतेसाठी मूलपेशी वापरू नयेत, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या समितीने २०२२ मध्ये केली. तरी 'मूलपेशी थेरपी' हा शब्द आपल्या लेखांत मुक्तपणे फिरतो. मला याचं दुःख होतं, कारण त्या शब्दावर विश्वास ठेवून जमीन गहाण ठेवलेले बाप मी पाहिले आहेत.

संशोधन असेल तर त्याची नोंद असते. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, सीटीआरआय, २००७ पासून इथेच अन्सारी नगरात आयसीएमआरच्या संस्थेतून चालते आणि कुणालाही ती पाहता येते. नोंदणीचा क्रमांक मागावा. आणि चाचणीतल्या पेशींचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात, हेही विचारून घ्यावं.

या दोन गोष्टी आणि प्रत्यारोपण कोणत्या आजारांत मान्य आहे त्याची यादी, एवढा मजकूर एका पानावर मराठीत लिहून मी आणला आहे. तो रुग्णालयांभोवतीच्या धर्मशाळांत लावायचा आहे. दुपारच्या सत्रात आपण सर्वांनी तो वाचावा आणि बीडहून पहिल्यांदा दिल्लीत आलेल्या माणसाला जो शब्द कळणार नाही, तो तिथेच खोडावा. उद्या सकाळी छपाईला द्यायचा आहे.