तंजावरची धावपट्टी आणि विमानप्रेमींचा वाद

लढाऊ विमानांची हौस असलेली चार माणसे एकत्र आली, की त्यांना बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. सर्वांत श्रेष्ठ विमान कोणते, हा एकच प्रश्न त्यांना रात्रभर पुरतो. एकाची निष्ठा मिराजच्या त्रिकोणी पंखांवर असते, दुसऱ्याला मिग-२१ पुढे काहीच दिसत नाही, तिसरा सुखोईच्या हवेतील कसरतींचे वर्णन करताना थकत नाही. वेग, चढणीचा दर, एंजिनाचा रेटा, वळणाचा व्यास ही सारी माहिती या मंडळींना तोंडपाठ असते. बंगळूरजवळ येलहंका येथे १९९६ पासून भरत आलेल्या हवाई प्रदर्शनात ती उन्हातान्हाची पर्वा न करता उभी राहतात. नाशिकजवळच्या ओझरला किंवा पुण्याच्या लोहगावला वाढलेला मुलगा तर पुष्कळदा नुसत्या आवाजावरून विमान ओळखतो. या हौसेला हसण्याचे कारण नाही. संरक्षणाचा विषय इतक्या बारकाईने वाचणारे लोक भारतात थोडे आहेत, आणि त्यांतले बरेचसे याच मंडळींत सापडतात. प्रश्न एवढाच, की त्यांनी विमानाला लावलेली कसोटी कितपत खरी आहे. हे पडताळून पाहावयाचे तर तंजावरसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण आहे.

प्रत्येक आवडत्या विमानामागे एखादी लढाई उभी असते. नॅट हे त्यांतले सर्वांत लहान. ज्या ब्रिटनमध्ये त्याचा जन्म झाला, तेथील हवाई दलाने ते लढाऊ विमान म्हणून स्वीकारलेच नाही; शिकाऊ वैमानिकांसाठी तेवढे वापरले. भारतात मात्र १९६५ च्या युद्धात त्याने सेबर विमानांना तोंड दिले, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर एकाकी झुंज देत निर्मलजितसिंग सेखों यांनी प्राण ठेवले ते याच विमानात. त्याच दिवशी ढाक्यात मिग-२१ विमानांनी गव्हर्नरच्या निवासस्थानावर अग्निबाण सोडले, आणि गव्हर्नराने राजीनामा दिला. आता मिग-२१ ची घडण झाली होती ती उंच आकाशात शत्रूच्या विमानाला वेगाने गाठण्यासाठी. शहरातील एक इमारत हेरून तिच्यावर मारा करण्यासाठी नव्हे. ते काम त्याला साधले, कारण ढाक्याची धावपट्टी त्याआधीच निकामी करण्यात आली होती आणि आकाशात अडविणारे कोणी उरले नव्हते. लोंगेवालाचेही तेच. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून उडालेल्या मोजक्या हंटर विमानांनी रणगाड्यांचा एक मोठा ताफा वाळूत खिळवून ठेवला. हंटर तोवर जुने झाले होते. रात्री मारा करण्याची साधने त्याच्याजवळ नव्हती, म्हणून उजाडण्याची वाट पाहावी लागली. पण आडोसा नसलेले वाळवंट, दिवसाचा लख्ख प्रकाश आणि शत्रूच्या विमानांचा अभाव अशी तिन्ही अंगे जुळून आली, आणि त्या सकाळपुरते हंटरहून श्रेष्ठ विमान जगात नव्हते, असे म्हणावे लागेल.

विमानप्रेमींच्या आठवणीत विमान राहते. वाळवंट आणि सकाळ मात्र गळून पडतात.

सरावांच्या आकड्यांबाबत तर हा प्रकार अधिकच घडतो. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेर येथे अमेरिकेच्या एफ-१५ विमानांशी भारतीय वैमानिकांचा सराव झाला. त्यात भारतीय बाजू सरस ठरल्याची वार्ता पसरली आणि तिच्या आधारे आजही वाद जिंकले जातात. त्या सरावात अमेरिकन विमाने संख्येने कमी होती, आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा पूर्ण उपयोग त्यांनी करावयाचा नाही असे ठरले होते, हे फार थोडे जण सांगतात. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये सुखोई-३० आणि टायफून यांचा सराव झाला, तेव्हा भारतीय वैमानिकांनी १२-० असा निकाल सांगितला आणि ब्रिटिशांनी तो साफ नाकारला. सराव शिकण्यासाठी असतो. त्याचे नियम दोन्ही बाजू आधी ठरवितात. त्यातून क्रिकेटसारखा धावफलक काढणे ही बाहेरच्यांची हौस होय.

मे २०२५ मधील चार दिवसांच्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर या वादाला जगभर ऊत आला. फ्रेंच राफाल श्रेष्ठ की चिनी जे-१० सी, यावर लोक हिरिरीने बोलू लागले. ३१ मे रोजी सिंगापूर येथे संरक्षण दलांचे प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी भारताची विमाने पडल्याचे मान्य केले. संख्या त्यांनी सांगितली नाही. विमान पडले यापेक्षा ते का पडले हे महत्त्वाचे आहे, आणि चूक ओळखून दोन दिवसांत ती सुधारून पुन्हा उड्डाणे केली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांना धावफलक हवा होता त्यांची या उत्तराने निराशा झाली. पण ते उत्तर अधिक जाणत्या माणसाचे होते.

आता तंजावरकडे वळावे. येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. मधल्या दशकांत तिच्यावर वर्दळ फारशी नव्हती. २७ मे २०१३ रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते येथील हवाई तळाचे उद्घाटन झाले, आणि २० जानेवारी २०२० रोजी, पोंगल नुकताच सरला असताना, जनरल बिपिन रावत व हवाई दलप्रमुख भदौरिया यांच्या उपस्थितीत २२२ क्रमांकाचे स्क्वाड्रन सुखोई-३० एमकेआय विमानांसह येथे दाखल झाले. हे स्क्वाड्रन मूळचे १९६९ सालचे. तेव्हा त्याच्याकडे सुखोई-७ विमाने होती. १९८५ पासून मिग-२७ आली. २०११ मध्ये ते बंद करण्यात आले. त्याचे तोवरचे सारे आयुष्य उत्तरेत, जमिनीवरील लक्ष्यांकडे पाहण्यात गेले होते. त्याला पुन्हा जिवंत केले ते दोन हजार किलोमीटरहून अधिक दक्षिणेस, भाताच्या खाचरांत, जेथून जवळपास एकही भूसीमा नाही.

उत्तर भारतातील सीमांची सवय असलेल्याला हे कोडे वाटेल. नकाशा उघडला की ते सुटते. तंजावरपासून नागपट्टणमचा किनारा सुमारे ८० किलोमीटरवर आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला डोंड्रा भूशिर आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून निघून सुएझकडे किंवा इराणच्या आखाताकडे जाणारी जहाजे त्याच्या जवळून जातात. ते तंजावरपासून सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास येते. त्याच जहाजांच्या वाटेवरील ग्रेट निकोबार बेट सुमारे साडेसोळाशे किलोमीटरवर आहे. बाहेर इंधन न घेता सुखोईचा पल्ला सुमारे ३,००० किलोमीटरचा. जाऊन परत येण्याचा आणि भाराचा हिशेब धरला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे डोंड्रा हातातला आहे. निकोबारपर्यंत जाऊन यावयाचे तर हवेत इंधन देणारे विमान सोबत हवे.

समुद्राचा हा हिशेब तंजावरला नवा नाही. बृहदीश्वराच्या मंदिरावरील लेखात राजेंद्र चोलाने समुद्रापार धाडलेल्या आरमाराने श्रीविजय आणि कडारम जिंकल्याची नोंद आहे. ती स्वारी १०२५ च्या सुमाराची. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजी महाराजांच्या आज्ञेने १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आहे. मराठी माणूस साहजिकच तो पाहावयास जातो आणि त्याची दृष्टी घोड्यांच्या टापांकडे वळते. पण या भूमीचे पूर्वेकडचे दार समुद्रावर उघडते, हे चोलांचा लेख अधिक स्पष्टपणे सांगतो.

या समुद्रात विमान काय करू शकते हे १९४१-४२ मध्ये दिसून आले. १० डिसेंबर १९४१ रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन बलाढ्य ब्रिटिश युद्धनौका मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडविल्या. ती विमाने सायगावच्या परिसरातील जमिनीवरील तळांवरून आली होती. पंखे फिरणाऱ्या दोन एंजिनांची ती बाँबफेकी विमाने. कोणाही विमानप्रेमीच्या आवडत्यांच्या यादीत ती सहसा नसतात. सिंगापूरहून मदतीस निघालेली ब्रिटिश लढाऊ विमाने पोहोचली तेव्हा नौका बुडाल्या होत्या. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४२ मध्ये, कोलंबो व त्रिंकोमालीवर हल्ले झाले, विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बाँब पडले, आणि ९ एप्रिल रोजी ‘हर्मीस’ ही विमानवाहू नौका श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ बुडाली. तिची विमाने त्या वेळी तिच्यावर नव्हतीच. ती किनाऱ्यावर होती. विमाने चांगली की वाईट हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

जेट विमानांच्या काळातील दाखला फॉकलंडचा. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या दोन सुपर एटेंडार्ड विमानांनी ब्रिटनच्या ‘शेफील्ड’ नौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र मारले. २० खलाशी दगावले आणि पुढे नौका बुडाली. सुपर एटेंडार्ड हे ध्वनीहून मंद गतीने समुद्रालगत जाणारे साधे विमान. त्याला ब्रिटिश नौका दाखविल्या त्या नेपच्यून नावाच्या म्हाताऱ्या पंख्यांच्या विमानाने. वाटेत इंधन दिले ते हर्क्युलिस या मालवाहू जातीच्या विमानाने. अर्जेंटिनाजवळ अशी क्षेपणास्त्रे अवघी पाच होती; आणखी काही असती तर युद्धाचे काय झाले असते, यावर अजूनही लिहिले जाते. वेगाचे कोष्टक मांडून बसणाऱ्याला या घटनेचे कारण त्या कोष्टकात सापडणार नाही. हेरणारा डोळा, इंधनाची सोय आणि बरोबर नेलेले अस्त्र या तिन्ही गोष्टी विमानाच्या बाहेरच्या आहेत.

तंजावरच्या सुखोईची गोष्ट याच वळणाची आहे. सुखोई-३० च्या चाहत्यांना मोहविते ती त्याची चपळाई: एंजिनांची तोंडे वळवून हे अवजड विमान हवेत जवळजवळ थबकते आणि गिरकी घेते. परंतु तंजावरला त्याने उचलावयाचे आहे ते ब्राह्मोस क्षेपणास्त्र. त्याचे वजन अडीच टन, वेग ध्वनीच्या सुमारे २.८ पट. ते पोटाखाली बांधले की गिरक्या विसराव्या लागतात. मग उपयोगी पडते ते विमानाचे मोठे शरीर, टाकीतले इंधन आणि मागच्या आसनावर बसलेला दुसरा माणूस, जो वैमानिक उडवीत असताना रडारकडे आणि अस्त्राकडे पाहतो. एवढे ओझे पेलण्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला. ते काम हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात झाले; २५ जून २०१६ रोजी ब्राह्मोस बांधलेले सुखोई ओझरहून प्रथम उडाले, आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर अशा विमानातून ब्राह्मोस प्रथम सोडण्यात आले. तंजावरच्या सामर्थ्याचा मोठा भाग अशा रीतीने गोदावरीकाठच्या कारागिरांनी घडविलेला आहे. त्यांच्या कामावर वाद घालणारे विमानप्रेमी विरळाच.

विमानाची देखभाल हा तर त्याहून रूक्ष विषय, आणि सर्वाधिक निर्णायकही. २०१५ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदविले, की सुखोईंपैकी ७५ टक्के विमाने उड्डाणास सज्ज असावयास हवीत, प्रत्यक्षात ५५ टक्केच असतात. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्याच सुमारास एंजिनातील बेअरिंगच्या दोषांची माहिती संसदेत दिली होती. अठरा विमानांचे स्क्वाड्रन घेतले तर या दोन टक्केवारींतील अंतर सुमारे चार विमानांचे होते. जगातील कोणत्याही दोन प्रतिस्पर्धी विमानांच्या गुणांतील फरक एवढा मोठा क्वचितच असेल. सुटे भाग वेळेवर न मिळाल्याने जी चार विमाने छपराखाली उभी राहिली, ती कितीही श्रेष्ठ असोत, डोंड्राच्या वाटेवर त्यांचा काय उपयोग?

वाद घालावयाचाच असेल तर तो येथे घालण्याजोगा आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला, तेव्हा भारतीय हवाई दलाजवळ २९ लढाऊ स्क्वाड्रन उरली. मंजूर संख्या ४२ ची. त्या समारंभात अनेकांचे डोळे ओलावले, आणि बासष्ट वर्षांच्या सहवासानंतर ते योग्यच होते. पण त्या विमानाची जागा घेणारे विमान इतक्या वर्षांत पुरेशा संख्येने का तयार झाले नाही, याची चर्चा मिगच्या सौंदर्याच्या चर्चेपुढे फिकी पडली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोई बांधण्याचा करार झाला आहे. ९७ तेजस विमानांची नवी मागणी मिगच्या निरोपाच्या आदल्या दिवशी नोंदविली गेली. त्याआधीच्या ८३ विमानांचा करार २०२१ चा. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या नव्या शाखेत जुळविलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. त्या शाखेतून वर्षाला आठ विमाने निघावीत अशी योजना आहे. अठरा विमानांच्या एका स्क्वाड्रनला या गतीने दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल, आणि तोही अमेरिकेहून येणारी एंजिने वेळेवर येत राहिली तर.