जंभेरीचा खुंट, संत्र्याचा डोळा



या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्या हमाल-मजुरांच्या युनियनमधल्या माणसाने मागे सतरंजीवर बसून ऐकावे, हाच आजवरचा प्रघात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकांशी. म्हणून विषयही फाटकाशी सापडलेलाच घेतला आहे : आपल्या ताटातले आपले कोणते आणि बाहेरचे कोणते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग बहाराचा माल सुरू होता. संत्र्याच्या एका गोदामात ठेकेदाराने भरणीसाठी सातपुड्यापलीकडून, बैतूलकडून मजूर आणले. आपल्या माणसांचा रोजगार जाणार म्हणून 'बाहेरच्यांना काम देऊ नये' असा अर्ज आम्हीच लिहिला. अक्षर आमचे, सहीही आमची. दुपारी डबे सुटले. आपली माणसे एका भिंतीला टेकून बसली, ती माणसे दुसऱ्या भिंतीला. त्यांच्या फडक्यात मक्याची भाकर होती. आपल्यातला एक पोरगा हसून म्हणाला, "पाहा, बाहेरचं खाणं!" आम्ही ऐकले आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणे रात्री टोचू लागले, तेव्हा पुस्तके उघडली.

पोरगा खोटे बोलला नव्हता. मका मूळचा मेक्सिकोचा. 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला, त्यानंतरच तो आपल्या बाजूच्या जगात आला. पण पोराच्या स्वतःच्या हातात काय होते? ज्वारीची भाकर. ज्वारी आफ्रिकेतली, सुदानकडची. हजारो वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत रुजली. भाकरीवर मिरचीचा ठेचा होता आणि ठेच्यात शेंगदाणे. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातले. म्हणजे दोन्ही भिंतींना बाहेरचेच खाणे चालले होते. कोणी आधी आले, कोणी मागून, एवढाच फरक.

आपल्या शेजारचे रिद्धपूर घ्या. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे सिद्ध झाला. त्या काळी रिद्धपुरातल्या कोणत्याही चुलीवर मिरची नव्हती, आलू नव्हता, टमाटे नव्हते. तिखटासाठी मिरे होते, आले होते. पुढे पोर्तुगीज आले. 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या व्यापारातून मिरची देशात पसरली. लोकांनी तिला मिऱ्याचेच नाव लावून दिले. नवे बिऱ्हाड आले, त्याला जुन्या घराचे आडनाव मिळाले!

आलूचे पाहा. पुण्या-मुंबईचा पाहुणा त्याला बटाटा म्हणतो आणि आपल्या आलूबोंड्याला हसतो. पण 'बटाटा' शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, मूळचा वेस्ट इंडीजच्या मूळ रहिवाशांच्या बोलीतला. आपला 'आलू' उत्तरेकडून आला. संस्कृतात आलु म्हणजे कंद. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. हिंदी मुलखाशी आपला शेजार जुना. तो भाजीच्या नावात उतरला. मग शुद्ध कोण? हसणाऱ्याचा शब्द समुद्रावरून आला, आपला जमिनीवरून.

माताभगिनींनी रागावू नये, पण उपवासाचे ताटही तपासून पाहावे. साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे ज्या कंदापासून करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला, आणि 'साबु' हे नाव मलायाकडचे. शेंगदाणा, आलू, रताळे, हिरवी मिरची, सारी अमेरिकेची. एकादशीच्या दिवशी आपण ज्वारी-गव्हाला दूर ठेवतो आणि सर्वांत शेवटी आलेल्या पाहुण्यांना देवाच्या पंक्तीला बसवतो. यात आम्हाला विसंगती दिसत नाही, मोठे मन दिसते.

याचा अर्थ आपले स्वतःचे काहीच नाही, असा नव्हे. तूर याच देशाची, वांगेही याच देशाचे. तूर इथून आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या जहाजांबरोबर वेस्ट इंडीजला पोचली. तिथल्या मळ्यांत राबणाऱ्यांनी ती आपली मानली. आफ्रिकेने आपल्याला भाकर दिली, आपण आफ्रिकेला वरण दिले. हा हिशेब कोणत्याही राजाने मांडलेला नाही; तो कष्टकऱ्यांच्या गाठोड्यांतून झाला.

आता ज्याच्यावर या गावाचे पोट चालते ते संत्रे. नागपूरकर भोसल्यांनी ते औरंगाबादेकडून आणविले, असे सांगतात. 'संगतरा' हे नाव बाबराने सोळाव्या शतकातच आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आहे. 'नारंग' शब्द संस्कृतातून फारसीत, अरबीत आणि पुढे युरोपात जाऊन 'ऑरेंज' झाला. पण शब्द राहू द्या, झाड पाहा. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकेत काय करतात? जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. जमीन धरून ठेवते जंभेरी, गोडी देते संत्रे. डोळा बाहेरचा म्हणून खुंटाने तो झिडकारला, तर डोळा वाळतो आणि कलम फसते.

गोदामातल्या भांडणाचे पुढे काय झाले? आमच्या अर्जाचा ठेकेदाराने चांगला उपयोग केला. बैतूलच्या माणसांना तो म्हणाला, "हे तुम्हाला हाकलणार, तेव्हा कमी दरात निमूट काम करा." आपल्या माणसांना म्हणाला, "ते कमी घेतात, तुम्हीही कमी घ्या." आठ दिवसांत दोन्ही भिंतींचा दर उतरला. आमची चूक आम्हाला तेव्हा पैशांत मोजून मिळाली.

आम्ही अर्ज मागे घेतला. दुसरा लिहिला : सर्वांना एकच दर. त्यावर मराठी सह्या होत्या, हिंदी सह्या होत्या, अंगठे होते. तो मान्य व्हायला काम तीन दिवस बंद ठेवावे लागले. त्या तीन दिवसांत गोदामाबाहेर कडुनिंबाखाली सगळ्यांनी एकत्र भाकरी खाल्ल्या. तो हसलेला पोरगा मक्याची भाकर मागून घेत होता.

मित्रहो, 'बाहेरचा कोण?' हा प्रश्न कोणी विचारला, की आधी पाहावे, त्याच्या उत्तरात कोणाचा फायदा आहे. आणि ते कळेनासे झाले, तर घरी जाऊन आपले ताट पाहावे.