खाटेआधीचा खर्च

शिरड शहापूरच्या स्टँडवर सकाळी वसमतच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत एखादा तरी माणूस फाईलची पिशवी छातीशी धरून उभा असतो. आत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, रेशन कार्डाची झेरॉक्स. अशीच पिशवी घेऊन मी माझ्या चुलत्यांना नांदेडला नेलं होतं.

त्यांच्या हृदयाच्या नळीत अडथळा निघाला. रेशन कार्ड केशरी होतं, सरकारी आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी झाली आणि बिलाचा रुपयाही द्यावा लागला नाही. हे आधी सांगतो, कारण ही गोष्ट लहान नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने ही योजना आठ जिल्ह्यांत आली, तेव्हा त्यात नांदेड होतं, आपला हिंगोली जिल्हा नव्हता. आपली पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. आता ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं आहे.

पण श्रोतेहो, योजना लागू होते ती भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचाराला, ठरलेल्या रुग्णालयात. चुलत्यांचं दुखणं त्याआधी तीन महिने चालू होतं. पित्त समजून गोळ्या, मग तपासण्या, गाडीभाडं. सगळं खिशातून गेलं. ऐन हळद शिजवायच्या दिवसांत काकू दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होत्या. त्यांचा बुडालेला रोज कोणत्या विम्यात धरायचा? उसने घेतलेले पैसे हळदीच्या पट्टीतून फिटले.

शेजारच्या सुनेची अडचण आणखी वेगळी. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डावर चढलेलं नाही. पोटात कळा येत असताना घरचे तहसीलच्या खेपा घालत होते. घरात लग्न झालं, मूल जन्मलं, की त्याच महिन्यात कार्डावर नाव चढवा, आधारवरचं नाव जुळवून घ्या. हात जोडून सांगतो.

चुलत्यांना आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रोज लागतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, म्हणून ते आधी सरकारी दवाखान्यात जातात. गोळी असली तर घेतात. नसली तर स्टँडवर येऊन वसमतच्या गाडीची वाट पाहतात.