गाण्याला नाव हवे



पूर्वी ज्याच्या घरी ध्वनिमुद्रिकांचा संग्रह असे, त्याच्याकडे कपाटाशेजारी एक लांबट वहीही असे. कपाटात तबकड्या उभ्या रचलेल्या, प्रत्येकीच्या पाकिटावर आकडा, आणि त्या आकड्यासमोर वहीत गायकाचे नाव, राग, केव्हा घेतली, कितीला घेतली, सारे टिपलेले. गाणे ऐकायचे म्हणजे आधी वही उघडायची. पुढे कॅसेटी आल्या, सीडी आल्या, आणि आता तो सगळा संसार संगणकाच्या पोटात गेला आहे. कपाट गेले याचे मला फारसे दुःख नाही. जागा तरी मोकळी झाली. पण कपाटाबरोबर आपण वहीसुद्धा घालवली, आणि तेथेच चूक झाली. माझी तर झालीच. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचा उपदेश मला शोभेल.

माझे वडील शाळामास्तर होते. गाण्याचे वेड मोठे आणि पगार बेताचा. आमच्या गावी गणेशोत्सवात किंवा कोणाच्या घरी बैठक झाली, की टेपरेकॉर्डर घेऊन ते अगदी पुढे बसत. अशा ऐंशीएक कॅसेटी त्यांनी जमवल्या होत्या. त्यांची एक सवय होती. गाणे संपले, टाळ्या थांबल्या, की यंत्राशी तोंड नेऊन ते हळू आवाजात सांगत : आज अमुक तारीख, अमक्यांच्या घरी बैठक, गायले अमुक, पेटीला अमुक, तबल्याला अमुक, राग अमुक. आम्हा मुलांना त्याचे हसू येई.

वडील गेल्यावर मी त्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. ऑडॅसिटी नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ध्वनीचा आलेख पडद्यावर दिसतो, आणि नको असलेला भाग कापडासारखा कापता येतो. मी टाळ्या कापल्या, खोकले कापले, आणि टाळ्यांनंतरचे ते बोलणेही कापले. म्हटले, शुद्ध गाणे तेवढे राहू द्यावे. फाइलींना नावे दिली एक, दोन, तीन, चार. कॅसेटी माळ्यावर टाकल्या. दोन पावसाळ्यांनी चूक ध्यानात आली तेव्हा त्या खाली काढल्या, तर निम्म्या फितींना बुरशी! ज्या वाजल्या, त्यांतून वडिलांचा आवाज आणि त्याबरोबर नावे परत मिळाली. काही गायक आईने आवाजावरून ओळखले. तरीही चौदा गाणी अशी उरली, की ती कोणाची हे सांगणारे आता कोणी नाही. त्यांपैकी एकात एक बाई मारवा गातात. काय गातात म्हणून सांगू! पण त्या कोण, हे मीच माझ्या हाताने कापून टाकले.

वडिलांची ती सवय काही विक्षिप्तपणाची नव्हती. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या जुन्या मुद्रिकांच्या शेवटी गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत सांगतात. ऐकणाऱ्याला वाटते, हा बाईंचा तोरा असावा. तसे नव्हते. मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हर येथे जात, तबकड्या तेथे तयार होत, आणि कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची हे तिथल्या कामगारांना कळावे, म्हणून गायकांनी नाव उच्चारण्याची ही युक्ती. गाणे आणि त्याचे नाव एकाच तबकडीत, एकमेकांपासून ताटातूट होणार नाही असे! वडील नकळत तेच करीत होते.

संगणकाची गोष्ट त्या हॅनोव्हरच्या कामगारासारखीच आहे. त्याला यमन कळत नाही आणि भूपही कळत नाही. आपण जे नाव लिहून देऊ तेवढेच त्याला कळते. सीडीवर तर गाण्यांची नावे बहुधा नसतातच. असतात ती गाणी आणि त्यांच्या लांबीचे आकडे. मग सीडी घालताच पडद्यावर नावे उमटतात ती कोठून? १९९३ पासून जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या सीडींची माहिती एका सामाईक यादीत भरली. सॉफ्टवेअर सीडीवरील लांब्यांचे आकडे त्या यादीशी ताडून पाहते. आज असेच काम २००० साली सुरू झालेला म्युझिकब्रेन्झ हा उपक्रम करतो. त्याचे पिकार्ड नावाचे सॉफ्टवेअर तर ध्वनीवरूनच गाण्याचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा काढते आणि त्यावरून नाव शोधते. पण ठसा जुळायचा तर तो आधी कोणीतरी नोंदवलेला हवा. आमच्या गावच्या बैठकीचा ठसा तेथे कसा असणार? तो आपणच नोंदवायचा.

हे नाव लिहायचे कोठे? पुष्कळ लोक ते फक्त फाइलीच्या नावात लिहितात. त्याहून बरी जागा फाइलीच्या आत आहे. तिला टॅग म्हणतात. १९९६ साली एरिक केम्प यांनी एमपी-थ्री फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडण्याची कल्पना काढली. गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि अल्बमचे नाव यांना प्रत्येकी तीस अक्षरे, सालाला चार, आणि शेवटी संगीताचा प्रकार दाखवणारा एक आकडा. प्रकारांच्या त्या पहिल्या यादीत ऐंशी नावे होती. तीत पोल्का होता; ख्याल नव्हता, नाट्यसंगीत नव्हते, लावणीही नव्हती. पुढे १९९८ पासून ही चिठ्ठी ऐसपैस झाली, देवनागरीतही लिहिता येऊ लागली. तरी मूळचा साचा आपल्या गाण्याचा नाही, हे विसरू नये. त्यात गायक, अल्बम आणि गाणे आहे. राग कोठे लिहायचा? ताल? साथीदार?

यावर उपाय आहे. विंडोजवर चालणारे, २००२ पासून मोफत मिळणारे फूबार २००० किंवा तशी इतर सॉफ्टवेअर आपल्याला स्वतःचे नवे रकाने करू देतात. मी राग, ताल, बंदिश, साथ, स्थळ आणि तारीख असे सहा रकाने केले. आता 'भीमपलास' असे लिहिले की घरातील सगळे भीमपलास एका रांगेत उभे राहतात. मग एकच राग तीन घराण्यांचे गायक कसा मांडतात, हे एका दुपारी ऐकता येते. वर्गात शंभर वाक्ये बोलून जे समजावता येत नाही, ते असे ऐकल्याने समजते. सकाळच्या रागांची, संध्याकाळच्या रागांची अशी आपोआप तयार होणारी यादीही ठेवता येते. नवे गाणे आत आले आणि त्याचा राग लिहिला, की ते आपल्या प्रहरात जाऊन बसते.

मात्र लिहिण्यात शिस्त हवी. संगणक शब्दशः वाचतो. एका ठिकाणी 'भीमसेन जोशी', दुसरीकडे 'पं. भीमसेन जोशी', तिसरीकडे 'जोशी, भीमसेन' असे लिहिले, तर त्याच्या लेखी हे तीन गायक झाले. आणि मानाची पदवी आधी लिहिली, की सगळे पंडित 'प'मध्ये आणि सगळे उस्ताद 'उ'मध्ये गर्दी करतात! आदर मनात ठेवावा. रकान्यात नाव लिहावे. मालकंस की मालकौंस, हेही एकदाचे ठरवून टाकावे. तारीख लिहिताना आधी साल, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे बैठकी कालक्रमाने लागतात.

वाजवण्याबाबतही दोन शब्द. वाटेल त्या क्रमाने गाणी वाजवण्याची जी सोय असते, ती सुट्या भावगीतांना ठीक आहे. विलंबित ख्याल एका फाइलीत आणि द्रुत दुसऱ्या फाइलीत असेल, तर त्या दोहोंमध्ये तिसऱ्याच कोणाची ठुमरी घुसते. अशा फाइली सलग क्रमांकाने जोडाव्या आणि मधला खंड न पडता वाजवण्याची सोय चालू ठेवावी.

आता जतनाचे. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ६०० मेगाबाइट जागा घेते. एमपी-थ्री ते पुष्कळ लहान करते, पण त्यासाठी आवाजातील काही भाग कायमचा टाकून देते. फ्लॅक या प्रकारात ते साधारण निम्म्यावर येते आणि काहीही टाकले जात नाही. म्हणून मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी. तिच्या आणखी दोन प्रती काढाव्या, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी. माहितीही फाइलीच्या आतच लिहावी. काही सॉफ्टवेअर आपली पसंती आणि टिपणे स्वतःच्याच खात्यात ठेवतात. ते सॉफ्टवेअर बदलले की वही पुन्हा हरवली.

कोणी म्हणेल, हल्ली मोबाइलवर मागाल ते गाणे वाजते, मग हा खटाटोप कशाला? बाजारातल्या गाण्यांपुरते ते खरे आहे. पण आपल्या आजीच्या ओव्या, गावच्या कीर्तनकारांचे आख्यान, मास्तरांनी टिपलेली बैठक, ही बाजारात कधी नव्हती आणि येणारही नाहीत. ती आपल्याच घरात आहेत, आणि ती कोणाची हे सांगणारी माणसेही अजून आहेत. ती मात्र कायम राहणार नाहीत.

तेव्हा एकच विनंती. येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, एकेक फाइल वाजवा, आणि विचारा, 'हे कोण गाते आहे?' ते सांगतील ते तेथल्या तेथे लिहा. जमल्यास त्यांचे सांगणेही त्यांच्याच आवाजात मुद्रित करा. आणि ते बोलणे कृपा करून कापू नका.

माझ्या मारव्याच्या रकान्यात गायिकेच्या नावाची जागा अजून रिकामीच आहे. ती मी तशीच ठेवली आहे. न जाणो, कधीतरी कोणी ऐकेल आणि म्हणेल, 'अहो, हा आवाज तर आमच्या मावशीचा!' एवढे सांगून आपली रजा घेतो.