दोन टक्क्यांपलीकडे
(नातेपुते येथील भाषणातून)

अनु आगा यांनी १९९६ साली पतीच्या निधनानंतर पुण्याच्या थरमॅक्सची धुरा घेतली, २००४ साली ती कन्येकडे सोपवली आणि गरीब मुलांच्या शिक्षणास वाहून घेतले. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर बहुतेक उद्योगपती मूग गिळून बसले असता त्या बोलल्या. हे धैर्य कोणत्याही कायद्यातून येत नाही.

२०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ठीक. परंतु नोकरी कोणाला मिळते? सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली दाखवले की, पात्रता तीच असूनही दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून बोलावणी कमी येतात. आपल्या माळशिरस तालुक्यातला पदवीधरही तोच अर्ज भरतो. शाळेला बाके देणाऱ्या कंपनीला हा प्रश्न आपण विचारणार की नाही?