लस नवी की पद्धत नवी?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "मुलींना ती कॅन्सरची नवी लस द्यायची का? आमच्या पोरींवर प्रयोग तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण लसी कशा बनतात आणि त्यातली कुठली रीत जुनी, कुठली नवी, ते पाहू.

सगळ्यात जुनी रीत म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला जंतू. बाळाच्या दंडावर टोचतात ती बीसीजी अशीच. ती १९२१ पासून दिली जाते. पोलिओचे थेंबही याच रीतीचे.

दुसरी रीत मारलेल्या जंतूची. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी जंतू तापवून, मारून लस केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. कोविडची कोव्हॅक्सिन याच रीतीने केलेली.

तिसरी रीत जंतूच्या विषाची. ते निरुपद्रवी करून टोचतात. गरोदरपणी आपण घेतो ते धनुर्वाताचे इंजेक्शन तसेच.

चौथ्या रीतीत अख्खा जंतू नसतोच, फक्त त्याचा एक भाग असतो. पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टच्या जातीकडून तो तयार करून घेतात. 'ब' काविळीची अशी लस १९८६ मध्ये आली. आपल्या बाळांना दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा देतात, त्यात ती असते. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लसही याच घराण्यातली. तिच्यात विषाणूचे नुसते रिकामे कवच असते, त्यामुळे तिच्यातून रोग होत नाही. जगात ती २००६ पासून दिली जाते. पुण्यात तयार झालेल्या लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे आपल्या गावात ती नवी, पण रीत जुनी.

मग खरी नवी रीत कुठली? एमआरएनए लसीची. तिच्यात जंतू नसतो, जंतूचा एक भाग कसा बनवायचा याची जणू चिठ्ठी असते. शरीर ती वाचते, तो भाग बनवते, आणि चिठ्ठी विरून जाते. संशोधन तीसेक वर्षे चालले होते, पण लोकांना मोठ्या प्रमाणावर ही लस मिळाली ती २०२० च्या डिसेंबरपासून. कोविशील्डची रीतही तशी अलीकडचीच. तिच्यात दुसऱ्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून निरोप पाठवतात.

जुने ते सगळे निर्धोक, असेही नाही. पोलिओच्या थेंबांनी देश पोलिओमुक्त झाला, पण फार क्वचित त्या थेंबांतूनच लुळेपणा येऊ शकतो. म्हणून २०१५ पासून सोबत इंजेक्शनही सुरू केले. कोविशील्डनंतरही फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या झाल्या. वापर वाढतो तसे असे दुर्मिळ त्रास कळतात. म्हणून रीत किती वर्षांची, हे विचारायचे.

तेव्हा लसीकरणाच्या दिवशी आशाताईंना, नर्सबाईंना तीन गोष्टी विचारा. ही लस कुठल्या रीतीची? किती वर्षे दिली जाते? टोचल्यावर काय त्रास होऊ शकतो, आणि झाला तर कुठे जायचे? उत्तर ऐका, मग ठरवा. आणि घरातल्यांनाही सांगा, लस नवी आहे एवढ्यावरून पोरीला मागे ठेवू नका.